हात दाखवा

त्या माणसाने हात वर केला होता. कोपरात जरासा वाकलेला, पंजा उघडा, खांद्याच्या थोडा वर. दोन सेकंद, फार तर तीन. गाडीची मागची काच चिखलाने बरबटलेली होती, त्यामुळे वळून पाहिलं तरी काही दिसलं नाही. नवऱ्याने पाय थोडा सैल केला होता, ते मला इंजिनाच्या आवाजावरून कळलं. त्याने विचारलं, "थांबू का?" मी म्हणाले, "नको. चल." त्याने पुन्हा पाय दाबला. एवढंच घडलं. त्याला आता पाच महिने होतील. बाहेर उणे एकतीस आहे, गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून तिची वायर भिंतीतल्या प्लगला लावून आम्ही आत बसलो आहोत, आणि तो हात अजून तसाच वर आहे.

कॅनडातल्या युकॉनमध्ये, व्हाइटहॉर्सला येऊन तेव्हा आम्हाला चौदा महिने झाले होते. पहिला हिवाळा आम्ही कसाबसा काढला. डिसेंबरात इथे साडेपाच तासांचा दिवस असतो, आणि त्या साडेपाच तासांतही सूर्य डोंगराला टेकून बसल्यासारखा. अंधाराची सवय होते, असं सगळे सांगतात. होते. पण अंधारात राहून राहून आमचं बोलणं आटत गेलं, हे आमच्या लक्षात आलं नाही. दूध आणलंस का, हीटरचं बिल आलं का, उद्या बर्फ उपसायची पाळी कोणाची. अकरा वर्षांच्या संसारात भांडण नाही, अबोला नाही, फक्त कामापुरतं बोलणं. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुटी जोडून आली तेव्हा आम्ही डॉसनला जायचं ठरवलं. सोन्याच्या शोधात लाखभर माणसं जिकडे धावली ते डॉसन, साडेपाचशे किलोमीटरच्या आत, रस्ता डांबरी, हॉटेल ठरवलेलं. दोन दिवसांत जाऊन परत.

डॉसनच्या चाळीस किलोमीटर अलीकडे एक फाटा लागतो. उजवीकडे खडीचा रस्ता जातो. तोच डेम्पस्टर हायवे. तिथून उत्तरेच्या इनुविक गावापर्यंत ७३६ किलोमीटर, आणि पहिलं हॉटेल, पहिलं पेट्रोल लागतं ते ३६९ किलोमीटरवर. मध्ये गाव नाही. फोनला रेंज नाही. नवऱ्याने फाट्यावर गाडी कडेला घेतली, पाणी प्यायला म्हणून. बाटलीचं झाकण लावता लावता समोर न बघताच म्हणाला, "उजवीकडे वळू?" त्या आवाजात काहीतरी होतं. लग्नाच्या आधी एकदा त्याने मला स्वारगेटला अशाच आवाजात विचारलं होतं, समोर लागलेल्या गाडीत बसू का म्हणून. कुठली गाडी, कुठे जाते, काही माहीत नव्हतं. आम्ही बसलो आणि भोरला पोचलो. मला तो आवाज इतक्या वर्षांनी ऐकू आला, आणि मी म्हणाले, "वळ."

हे सांगायला हवं, कारण "वळ" आणि "चल" हे दोन्ही शब्द माझेच. त्याने दोन्ही वेळा विचारलं आणि दोन्ही वेळा ऐकलं.

फाट्यावर टाकी काठोकाठ भरली, डॉसनच्या हॉटेलला नाही म्हणून कळवलं, आणि अरुंद पुलावरून क्लोंडाइक नदी ओलांडली. पहिले पन्नास-साठ किलोमीटर झाडीतून जातात आणि मग एकदम झाडं संपतात, डोंगर उघडे पडतात. टूमस्टोनचं ते खोरं मी कसं सांगू? कोकणात लाल म्हणजे माती. इथे लाल म्हणजे पानं. गुडघ्याएवढं बुटकं बर्च, जमिनीला चिकटून वाढणारी बेरीची झुडपं, सगळी त्या आठवड्यात पेटलेली. शेंदरी, कुंकवाचा, वाळलेल्या मिरचीचा, जांभळट काळा, असे लालाचेच इतके प्रकार, आणि त्यामधून पिवळ्या विलोच्या रेघा. वर काळे सुळके, सुळक्यांवर ताजं बर्फ भुरभुरलेलं. आम्ही दुपारी उतरलो ते संध्याकाळपर्यंत परत गाडीत बसलोच नाही. पायाखालची जमीन गादीसारखी दबते, कारण खाली शेवाळ आणि त्याखाली कायमचं गोठलेलं. वाकून झुडपात हात घातला तर वरची पानं उन्हाने कोमट आणि खाली बोटं बधिर. ब्लूबेऱ्या पिकून सुरकुतल्या होत्या. त्याने ओंजळभर तोडून माझ्यापुढे धरल्या. त्याची बोटं जांभळी, माझे ओठ जांभळे. कितीतरी दिवसांनी आम्ही एकमेकांकडे नीट पाहत होतो.

रात्री तिथल्याच कॅम्पग्राउंडमध्ये गाडीच्या मागच्या सीट पाडून झोपलो. अंगावर होतं नव्हतं ते सगळं घातलं, तरी पहाटे दोनला थंडीने जाग आली. काचांवर आतून बर्फाची नक्षी धरली होती. नखाने खरवडून भोक केलं तर बाहेर आकाश हिरवं. बाहेर आलो. उत्तरेकडून एक हिरवा पट्टा उठायचा, डोक्यावर येऊन फाटायचा, त्याच्या चिंध्या हलत राहायच्या. आवाज कसलाच नाही. मी इतक्या मोठ्या गोष्टीला इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. त्याने माझे दोन्ही हात आपल्या जॅकेटच्या खिशात घेतले. आम्ही काही बोललो नाही, पण ते न बोलणं आदल्या हिवाळ्यातलं नव्हतं.

सकाळी खिंड ओलांडली. तिथे एक गोष्ट आहे, ती पाटी न वाचता कोणाला कळायची नाही. खिंडीच्या अलीकडचं पाणी क्लोंडाइकमधून युकॉन नदीला मिळतं आणि बेरिंग समुद्राला जातं. पलीकडचं ब्लॅकस्टोन, पील, मॅकेन्झी असं करत आर्क्टिक महासागराला. खिंडीत पडलेल्या बर्फाच्या दोन कणांमध्ये हातभर अंतर, आणि दोघांचे समुद्र वेगळे. मला अण्णांची आठवण झाली. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, चिपळूण डेपोला. सुटीत ते मला चिपळूण-कराड गाडीत घेऊन जायचे, कराडला आत्याकडे सोडायला. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाचं मोठं झाकण असायचं, बॉनेट. त्यावर गोधडी घालून मला बसवायचे. खालून ऊब, समोर अख्खी काच. कुंभार्ली घाट चढून माथ्यावर आलं की अण्णा म्हणायचे, "हं, आता मागे राहिलं ते पाणी अरबी समुद्राचं, पुढचं बंगालच्या उपसागराचं." आणि मग नेहमी पुढे जोडायचे की माणसाने ते उलटंपण केलं, कोयनेचं पाणी बोगद्यातून पोफळीला आणलं आणि वाशिष्ठीत सोडलं. मी हे नवऱ्याला सांगत होते. तो हसत होता. गाडीच्या खिडकीवर बारीक बर्फ आपटत होता, आणि मला तेव्हा आयुष्यात काही कमी वाटत नव्हतं.

तो माणूस त्यानंतर तासाभराने भेटला.

इंजिनिअर क्रीक नावाचा ओढा लागतो, त्याच्या थोडं अलीकडे. त्या भागातलं पाणी लोखंडाच्या गंजाने तांबडं झालेलं असतं, पहिल्या पावसातल्या वाशिष्ठीसारखं, आणि हवेत गंधकाचा कुजका वास. मी फोनवर व्हिडिओ घेत होते. एक वळण आलं, मी फोन खाली ठेवला, आणि वळणापलीकडे उजव्या कडेला एक जुनाट निळा पिकअप उभा होता. त्याच्या शेजारी माणूस. दाढी, केशरी टोपी, खांद्यावरून घसरलेलं जॅकेट. ट्रकच्या दाराला टेकवून ठेवलेली बंदूक. ते शिकारीचे दिवस. इथे सप्टेंबरात बंदूक दिसणं म्हणजे आपल्याकडे पेरणीच्या दिवसांत औत दिसण्यासारखं, हे मला चौदा महिन्यांत चांगलं माहीत झालं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि दोनशे किलोमीटर निर्मनुष्य रस्त्यावर ती दिसणं वेगळं. माझ्या पोटात गोळा आला. त्याने हात वर केला.

इथे समोरून येणारी प्रत्येक गाडी हात करते. स्टिअरिंगवरची चार बोटं उचलतात, नाहीतर अख्खा पंजा. सकाळपासून आम्ही पाच-सहा गाड्यांना तसा हात केला होता आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटलं होतं. तेव्हा हा तसाच हात, असं मी धरून चालले. "नुसता हात केला त्याने," मी म्हणाले. नवरा काही बोलला नाही.

अण्णांच्या नोकरीत "हात दाखवा, एसटी थांबवा" अशी योजना होती. पण अण्णा ती यायच्या आधीपासून थांबत. थांबा असो नसो. शाळेतली पोरं, डोक्यावर भारा घेतलेल्या बायका, दूधवाले. गाडीला उशीर होई, कंडक्टर कुरकुरे. एकदा जुलैमध्ये, मी आठ-नऊ वर्षांची असेन, शेवटची गाडी होती. घाटात धुकं इतकं की दिव्यांच्या पुढे पांढरी भिंत. वायपर नुसते फरफटत होते. एका वळणावर इरलं घेतलेलं कोणीतरी उभं, हात वर. मागून दोघं-तिघं ओरडले, "ड्रायव्हर, थांबू नका! रात्रीचं काय थांबता!" लूटमारीच्या बातम्या तेव्हा येत असत. अण्णांनी गाडी थांबवली. खिडकीतून पाण्याचा सपकारा आत आला. एक म्हातारा धनगर होता. त्याला कुठे जायचंच नव्हतं. त्याची काडेपेटी भिजली होती, त्याला काडेपेटी हवी होती. अण्णांनी खिशातली दिली, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि निघालो. मागे लोक बडबडत होते. हेळवाकच्या अलीकडे मी विचारलं, "अण्णा, काडेपेटीसाठी थांबवलीत?" ते म्हणाले, "काडेपेटीसाठी ते थांबल्यावर कळलं ना."

मी त्या माणसाची मुलगी. बॉनेटवर बसून मी हे स्वतः पाहिलेलं. इंजिनिअर क्रीकजवळ मला त्यातलं काही आठवलं नाही, हे मला सगळ्यात जास्त लागतं. आठवून मी नको म्हटलं असतं तर ती भीती असती, भीती समजू शकते. मला आठवलंच नाही.

ओगिल्वी नदी मागे टाकून रस्ता एका लांबच लांब डोंगराच्या पाठीवर चढतो. तिथून पुढे दोन्ही बाजूंना दरीच दरी, आणि त्यांत काळे स्प्रूस, वाकडेतिकडे कललेले. खालची गोठलेली जमीन सरकते तशी ती झाडं कलतात. रस्तासुद्धा जमिनीवर नाही, जमिनीच्या वर आहे. खडीचा एक जाड बांध घालून त्यावरून नेलेला, म्हणजे गाड्यांची, उन्हाची ऊब खालच्या बर्फाला लागू नये. लागली तर बर्फ वितळून सगळा रस्ता खचेल. १९५९ मध्ये काम सुरू झालं आणि १९७९ मध्ये पुरं झालं, वीस वर्षं लागली. आणि ही खडी म्हणजे पाटीच्या दगडाच्या कपच्या, कोयत्यासारख्या धारेच्या. फाट्यावर एकाने विचारलं होतं, जादा टायर किती आहेत? आमच्याकडे एक होता, तोही बारका, पन्नास-साठ किलोमीटर रखडत जाण्यापुरता.

मागच्या डाव्या चाकातून आधी फट्फट् आणि मग एक लांब सुस्कारा. उतरलो तर टायर बसलेला. वारा असा की दार उघडल्यावर ते हातातून निसटलं. नवऱ्याने जॅक लावला तर जॅक खडीत रुतायला लागला. त्याची बोटं गारठून वळेनात. मी मोज्यांत फुंकर घालून त्याला देत होते, तो परत काढत होता, कारण मोजे घालून नट सुटत नव्हते. चारी दिशांना काही नाही. असं काही-नाही मी कधी पाहिलं नव्हतं. समुद्रावरही लाटा असतात.

वीस मिनिटांनी उत्तरेकडून एक पिकअप आला. मी अजून हात वर केला नव्हता, तोच तो थांबला. एक वयस्क जोडपं, इथल्या मूळच्या ग्विचिन लोकांतलं, उत्तरेकडच्या फोर्ट मॅकफर्सन गावाहून डॉसनला निघालेलं. आजोबांनी काय झालं हेही विचारलं नाही. मागून एक जाड फळी काढली, जॅकखाली सरकवली, गुडघ्यावर बसले. आमचा बारका टायर बघून मान हलवली आणि फाटका टायर हातात घेऊन बोटाने चाचपत राहिले. भोक सापडल्यावर त्यात रबराची वात खोचली, आपल्या बॅटरीला जोडून पंपाने हवा भरली, कान लावून ऐकलं. तोवर आजींनी मला ओढून त्यांच्या गाडीत बसवलं. थर्मासमधला काळा, भरपूर साखरेचा चहा. आणि कागदात गुंडाळलेलं सुकवलेलं कॅरिबूचं, म्हणजे इथल्या रेनडिअरचं, मांस. काळपट, लाकडासारखं. तोंडात धरून ठेवायचं, मग हळूहळू खार आणि धूर सुटतो. माझ्या डोळ्यांसमोर आजीच्या घरची सोड्यांची बरणी आली. मी त्यांना सांगितलं की आम्हीही पावसाळ्यासाठी मासळी अशीच वाळवून ठेवतो, आमच्याकडे पाऊस चार महिने पडतो. चार महिने? त्यांनी दोनदा विचारलं. मग हसल्या. त्यांच्या भाषेत आभाराला "मासी चो" म्हणतात. मी ते म्हणून पाहिलं. त्यांनी माझा उच्चार दुरुस्त केला आणि माझ्या मांडीवर थोपटलं.

आणि त्या उबेत, चहा पिता पिता, मी बोलून गेले. म्हटलं, "तुम्ही दक्षिणेला चालला आहात ना, इंजिनिअर क्रीकच्या पलीकडे एक निळा पिकअप उभा होता. एक माणूस होता."

आजोबा हात पुसत खिडकीशी आले होते. त्यांनी विचारलं, "काय झालं होतं त्याला?"

मी म्हणाले, माहीत नाही.

"तुम्ही थांबलात ना?"

त्यात आरोप नव्हता. तोच तर त्रास आहे. एखाद्याला तू जेवलास ना असं विचारावं तसं विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं, असं त्यांनी धरलं होतं. मी म्हटलं, "नाही." नवरा पलीकडे चाकाचे नट आवळत होता, त्याचा पाना थांबला. आजोबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान डोलावली. मग फळी उचलली, पंप गुंडाळला, आजींना दोन शब्द म्हणाले. आजींनी थर्मासचं झाकण लावलं. माझ्या हातातला चहा अर्धा होता, तो कप त्यांनी तसाच मला ठेवून घ्यायला सांगितला. ते घाईने निघाले. आल्यापासून त्यांनी केलेली ती पहिली घाई.

आम्हीही मागे फिरावं, असं मी म्हटलं. नवरा म्हणाला, वात किती टिकेल सांगता येत नाही, ईगल प्लेन्सचं हॉटेल जवळ आहे, तो माणूस त्याहून लांब राहिला, आणि आता ते दोघं जातच आहेत. सगळं बरोबर होतं. "तू म्हणालीस म्हणून" हे शब्द तो बोलला नाही. तेव्हाही नाही, आजवर नाही. ते त्याने मनातही म्हटले असतील असं मला वाटत नाही. तरी त्या नव्वद किलोमीटरमध्ये मी ते ऐकण्याची वाट पाहत होते.

ईगल प्लेन्सचं हॉटेल म्हणजे ३६९ व्या किलोमीटरवरचं एक बसकं, लांब घर. टायरचं दुकान, पंप, गरम सूप. रात्री झोप लागेना म्हणून मी खाली आले. भिंतींवर जुने फोटो आहेत. त्यांत त्या हरवलेल्या टपाल-तुकडीचेही. १९१० च्या २१ डिसेंबरला फिट्झजेराल्ड नावाचा पोलीस अधिकारी तीन माणसं घेऊन कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघाला. लवकर पोचायचं म्हणून शिधा कमी. काही दिवस वाट दाखवणाऱ्या एसॉ जॉर्ज या ग्विचिन माणसाला त्यांनी मध्येच पैसे देऊन परत पाठवलं. पुढे एका ओढ्याचं वळण सापडलं नाही. जानेवारीत मागे फिरले. कुत्री मारून खाल्ली. चौघंही गेले, शेवटचे दोघं गावापासून चाळीसएक किलोमीटरवर. फिट्झजेराल्डने जळक्या काडीने कागदावर लिहून ठेवलं होतं की जे काही आहे ते हॅलिफॅक्सच्या आईला द्या. फेब्रुवारीअखेर डॉसनहून त्यांना शोधायला जी तुकडी निघाली तिचा म्होरक्या डेम्पस्टर. त्याच्याबरोबर वाट दाखवायला चार्ली स्टुअर्ट हा ग्विचिन माणूस होता. मार्चमध्ये त्यांना ते सापडले.

म्हणजे या रस्त्याला जे नाव आहे ते शोधायला गेलेल्याचं. मी तिथे मोज्यांनी उभी राहून किती वेळ तो फोटो पाहत होते, मला सांगता येणार नाही. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, निळा पिकअप, केशरी टोपी, कोणी आलं होतं का? ती म्हणाली, या दिवसांत सगळेच केशरी टोपीचे असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्क्टिक वृत्तावर जाऊन आलो. ४०५ किलोमीटरवर एक फलक आहे, त्यापलीकडे गवताळ उतार आणि लांबवर रिचर्डसन पर्वताच्या निळ्या रांगा. आम्ही आमचा फोटो काढला. त्या फोटोत मी खूप आनंदी दिसते, आणि ते खोटं नाही. ते तीन दिवस मला गेल्या कित्येक वर्षांतले सगळ्यात जिवंत दिवस वाटतात. ओंजळीतल्या बेऱ्या, हिरवं आकाश, त्याच्या खिशातले माझे हात. या सगळ्याच्या मधोमध तो माणूस उभा आहे. मी त्याला वगळून ती सहल आठवू शकत नाही, आणि ती सहल आठवायला मला फार आवडतं.

परत येताना ती जागा आम्ही दोघांनी एकदमच ओळखली. तांबडं पाणी, वास, वळण. तिथे काही नव्हतं. ओल्या खडीत चाकांच्या खुणा होत्या, पण कोणाच्या कोण सांगणार. इंजिन बंद करून उतरलो. ओढ्याचा आवाज, आणि कुठेतरी रेव्हन, इथला डोमकावळा, ओरडत होता, घशात पाणी घेतल्यासारखा. आम्ही कशासाठी थांबलो होतो ते आम्हाला माहीत नव्हतं. थोड्या वेळाने दक्षिणेकडून मालाचा एक मोठा ट्रक आला. आमच्यामुळे त्याला काळजी वाटू नये, सगळं ठीक आहे, हे कळावं म्हणून मी हात वर केला. तो थांबला. एवढा मोठा ट्रक, हवेचे ब्रेक फुसफुसत, आमच्यापुढे पन्नास पावलांवर जाऊन उभा राहिला. ड्रायव्हर खाली उतरून चालत आला. काय झालं? काही नाही, आम्ही नुसतेच थांबलोय. बरं, म्हणाला, आणि तेवढंच चालत परत गेला.

नवरा माझ्या हाताकडे पाहत होता.

व्हाइटहॉर्सला आल्यावर आठवड्याने अण्णांना फोन लावला. आमची रात्र, त्यांची सकाळ. आता त्यांना ऐकू कमी येतं, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, गाडी सोडून पंधरा वर्षं झाली. मी त्यांना बर्फ सांगितला, खिंडीतलं दोन समुद्रांचं पाणी सांगितलं, ते फार खूश झाले, आईला हाक मारून तिलाही सांगितलं. मग मी ते सांगितलं. मध्येच आवाज बसला. पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कटला. मग अण्णांनी विचारलं, "बॉनेट उघडं होतं का गं?"

"काय?"

"त्याच्या गाडीचं. बॉनेट उघडं असलं तर माणूस अडलेला. बंद असलं तर उतरला असेल असाच, पाय मोकळे करायला. तू पुढे बसली होतीस ना?"

मी आठवायला लागले. निळा रंग आठवतो. दारावरचा गंज, टोपी, बंदुकीचा लाकडी दस्ता, पंजाची बोटं. ट्रकचा पुढचा भाग येत नाही. व्हिडिओ काढून पाहिला, तो वळणाच्या अलीकडे संपतो, शेवटी माझ्या मांडीचा अंधार आणि नवऱ्याचं काहीतरी अर्धवट गुणगुणणं. त्याला हाक मारून विचारलं, तो स्वयंपाकघरात कुकर लावत होता. तिथूनच म्हणाला, "उघडं होतं." मग बाहेर आला, हातात झाकण तसंच, माझ्याकडे बघत म्हणाला, "नाही. बंद असेल. बंदच होतं." अण्णा फोनवर वाट पाहत होते.